'रॉयल पार्क'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादवेडी: लंडनच्या हाइड पार्कच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत करतेय. पहिल्याच परिच्छेदात अडकले. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने वेस्टमिन्स्टर ॲबीकडून ही जमीन घेतली आणि तिचं 'रॉयल पार्क' केलं. मी 'राजोद्यान' लिहिलं. नवरा म्हणतो, पोथी वाचतोय असं वाटतं. दुसरं काही सुचतंय का?

चिंचेचं पान: शाही बाग. झालं काम.

कोरीव: 'शाही' फारसी, 'बाग'ही फारसी. मग त्यात मराठी काय उरलं? राजोद्यानच ठेवा.

चिंचेचं पान: आणि उद्यान कुठलं हो मराठी? आमच्याकडे उद्यान फक्त नगरपालिकेच्या पाटीवर असतं, खाली 'फुले तोडू नयेत'. बोलताना कुणी म्हणतं का, चल उद्यानात जाऊ?

जुनी वही: दोघांचंही चुकतंय. हेन्रीला फुलं नको होती, हरणं हवी होती. रानाला कुंपण घालायचं, आत हरणं राखायची आणि राजाने मृगया करायची. 'पार्क' शब्दाचा जुना अर्थच तो. लोकांना आत सोडलं पहिल्या चार्ल्सने, १६३७ मध्ये. आज फोटोत दिसतं ते सर्पेंटाइन तळं तर १७३० च्या सुमाराचं, राणी कॅरोलाइनने वेस्टबोर्न नदी अडवून करवलेलं. हेन्रीच्या वाक्यात 'बाग' घातलीत की वाचकाला कारंजी दिसायला लागतील. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: रमणा. मूळ 'रमणे', जिथे मन रमतं ते.

पर्वतीकर: रमणा?! अहो, आमच्या घरी रमणा म्हणजे पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा वाटायची जागा. रमणा गणपती आहे की अजून. तिथे हरणं नव्हती, ब्राह्मण होते.

जुनी वही: कुंपण दोन्हीकडे होतं. जुन्या कोशांत दोन्ही अर्थ आहेत.

चिंचेचं पान: हरणांचं मन कितपत रमत असेल, हा प्रश्न राहतोच.

पूर्वेचा वारा: ढाक्यातलं रमना मैदान आठवलं. १९७१ साली पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली तिथलं. तेही मोगलकाळापासूनचं, आणि शब्द तोच असणार.

दादरकर: एवढा खटाटोप कशाला? 'पार्क'च ठेवा. आमचं शिवाजी पार्क १९२७ पर्यंत माहीम पार्क होतं. त्यात ना बाग, ना हरणं, नुसतं मैदान. तरी तिथे जाताना कुणी चुकलंय?

अनुवादवेडी: रमणा आवडला, पण तळटीप द्यावी लागेल. पुढे आणखी एक गंमत आहे. तिथे घोडेस्वारीचा रस्ता आहे, 'रॉटन रो'. एका जुन्या भाषांतरात तो 'सडकी आळी' झालेला पाहिला! तो म्हणे फ्रेंच 'रूत द्यु र्‍वा', म्हणजे राजाचा रस्ता, याचा अपभ्रंश. तिसऱ्या विल्यमने १६९० च्या सुमारास त्यावर तीनशे तेलाचे दिवे लावले होते.

कोरीव: ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो. बाकी 'राजपथ' लिहा.

दादरकर: राजांच्या बागा म्हणता, पण आम्हाला राणीचा बाग जवळचा.

पर्वतीकर: राणीची बाग!

दादरकर: भायखळ्यात जाऊन कंडक्टरला विचारा. तिकीट राणीच्या बागेचं.

पर्वतीकर: 'राणीच्या बागेचं'. बागेचं! पुल्लिंगी असता तर बागाचं म्हणाला असता. स्वतःच कबूल केलंत.

दादरकर: सामान्यरूप बागेचं असलं म्हणून काय झालं? आमची आजी जन्मभर 'राणीचा बाग बघायला' न्यायची.

द्राक्षवाला: नाशिककडून सांगतो. आम्ही 'बाग छाटला', 'बाग फुटला' असंच म्हणतो. 'बाग छाटली' म्हटलं तर मजूर हसतील. पीक देतो तो बाग, फिरायची असते ती बाग.

पर्वतीकर: मग राणीच्या बागेत कसलं पीक येतं?

दादरकर: हत्ती. माकडं. आता पेंग्विन.

कोरीव: पाटीवर 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' आहे. बघा, शेवटी उद्यानच.

चिंचेचं पान: पुन्हा पाटीच!

अनुवादवेडी: अहो, लेख उद्या द्यायचाय. रमणा लिहू की नको?

द्राक्षवाला: आमच्या शेजारच्या तालुक्यात डाळिंबवाले 'बाग धरली' म्हणतात, हे आत्ता आठवलं. त्यांना विचारून सांगतो.