रत्नागिरीला दोन दिवसांसाठी जाताना मोटार न्यावी की नेऊ नये?

माहीमचा प्रवासी :

रत्नागिरीत माझे घर नाही, नातेवाईक नाहीत आणि आंब्याची कलमेही नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांत मी तेथे पाच वेळा गेलो तो निव्वळ पाहुणा म्हणून. त्यांतल्या दोन खेपा मोटारीने झाल्या आणि तीन रेल्वेने. शहर पाहायला दोनच दिवस असतील तर मुंबईकराने मोटार घरी ठेवावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे. सव्वातीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता आणि महामार्गाचे वर्षानुवर्षे रेंगाळलेले काम यांतून गाडी हाकत पोहोचलेला माणूस पहिला दिवस लॉजवर झोपून काढतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस सकाळी रत्नागिरीत उतरवते. मात्र ही गाडी बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, म्हणून शुक्रवारी रात्री निघायचे असल्यास तिकीट शनिवारच्या तारखेचे काढावे लागते. पहिल्या खेपेस मी शुक्रवारचे तिकीट खिशात घालून शुक्रवारी रात्री अकरा वाजता फलाटावर ऐटीत उभा राहिलो, तेव्हा माझी गाडी जाऊन तेवीस तास झाले होते.

रेल्वे स्थानक शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. रिक्षावाले मीटर टाकतील अशी अपेक्षा ठेवू नये. भाडे बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. मुक्काम एसटी स्थानकाच्या आसपास करावा, म्हणजे टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर पायी पाहून होते. हे मंदिर 1931 मध्ये सावरकरांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीर यांनी बांधून घेतले. शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीला ज्यांचे नाव आहे ते हेच कीर, ही गोष्ट दादरमध्ये जन्म काढलेल्या कित्येकांना ठाऊक नसते. थिबा राजवाड्यातले संग्रहालय सोमवारी बंद असते, तेव्हा शनिवार-रविवारला सोमवारची रजा जोडणाऱ्यांनी तो आधीच पाहून घ्यावा.

गिरगावकर :

आपला सल्ला पाठीला पिशवी लावून हिंडणाऱ्या एकट्या माणसासाठी ठीक आहे. माझ्याबरोबर बहात्तर वर्षांच्या आई आणि गुडघ्यांनी त्रस्त वडील असतात. मध्यरात्रीपर्यंत दादरच्या फलाटावर ताटकळायचे, पहाटे झोपमोड करायची, सामान घेऊन जिने चढायचे आणि बाहेर येऊन रिक्षाच्या भाड्यावर घासाघीस करायची, याला मी सहल म्हणणार नाही. शिवाय कोकणच्या गाड्यांचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि सुट्ट्यांच्या दिवसांत काही मिनिटांत संपते. सगळे जमवूनही तिकीट प्रतीक्षायादीत राहिले तर काय करायचे, याबद्दल आपण एक अक्षर लिहिलेले नाही.

मी पहाटे चारला गिरगावातून निघतो. कशेडीच्या बोगद्यामुळे घाट टळतो, चिपळूणला नाश्ता होतो आणि वाटेत वडिलांना हवे तेथे थांबता येते. रत्नागिरीला जाऊन पावस, गणेशगुळे, पूर्णगड सोडायचे असतील तर गोष्ट वेगळी. ती ठिकाणे एसटीच्या भरवशावर एका दिवसात साधत नाहीत.

माहीमचा प्रवासी :

आई-वडिलांच्या बाबतीत आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि मूळ लिखाणात मी ते लक्षात घ्यायला हवे होते. पूर्णगडाबाबतही वाद नाही. पावसची गोष्ट मात्र तशी नाही. भाट्ये खाडीच्या पुलावरून तिकडे एसटीची नियमित ये-जा असते आणि महिलांना तिकीट अर्धे पडते. आरक्षण मिळाले नाही तर रात्रीची एसटी असतेच. ती त्याच महामार्गावरून जाते हे खरे, परंतु स्टेअरिंग दुसऱ्याच्या हाती असते.

आपण यादी वाढवता आणि शहर कमी पाहता, ही माझी खरी तक्रार आहे. मोटार दाराशी असली की माणूस सकाळी आरे-वारे मार्गाने गणपतीपुळे, दुपारी जयगड आणि संध्याकाळी परत अशी धाव काढतो. रत्नदुर्गाच्या भगवती मंदिरापासून दीपगृहापर्यंत सावकाश चालत जावे, तीन बाजूंचा समुद्र आणि खाली मिरकरवाड्याच्या होड्या पाहाव्यात, याला त्याच्याकडे वेळच उरत नाही.

डोंबिवलीतला रत्नागिरीकर :

माझे बालपण शहरातल्या झाडगाव भागात गेले, त्यामुळे दोघांनाही थोडे टोकतो. रिक्षाचे भाडे आधी विचारावे हे बरोबर. पण त्याचा सूर ‘हे लुबाडतात, सावध राहा’ असा नसावा. स्थानकावर आलेल्या रिक्षावाल्याला परतीचे भाडे मिळेलच असे नसते आणि मुंबईसारखी दर मिनिटाला नवी सवारीही मिळत नाही. ‘किती घेणार?’ असे सरळ विचारावे, पटले तर बसावे. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी एसटीच शहरी बस चालवते. पाहुण्यांना हे कोणी सांगत नाही, कारण सांगणारे सगळे मोटारीने आलेले असतात.

गिरगावकर, आपण पहाटे चारला निघून दुपारी पोहोचता आणि मग जेवण मिळत नाही म्हणून शहराला नावे ठेवता, असे माझे पाहुणे दर वर्षी करतात. खाणावळीत दुपारी अडीचनंतर हवे ते मिळण्याची आशा धरू नये. दुपारी बरीच दुकाने मिटलेली असतात, आणि तो आळस नव्हे, आमचा दिवसच पहाटे सुरू होतो. त्या वेळात झाडगावचे मत्स्यालय पाहावे. तेथला देवमाशाचा सांगाडा पाहून मी लहानपणी दोन रात्री झोपलो नव्हतो. दुपारी किती वाजेपर्यंत उघडे असते ते मात्र त्याच दिवशी सकाळी विचारून घ्यावे.

मुलुंडची वाचक :

मोटार की रेल्वे यापेक्षा केव्हा जायचे हा प्रश्न मोठा आहे. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ अशी पाटी दिसली तर ताजी म्हणजे कधीची, असे विचारावे आणि आमटी-भात, घावणे यांवर समाधान मानावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात, हेही परतीचा बेत आखताना ध्यानात ठेवावे. गणपतीपुळ्याच्या समुद्रात तर उतरूच नये. तेथे दर वर्षी माणसे बुडतात आणि दर वर्षी कोणी तरी सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालतो.

आंब्यासाठी जाणाऱ्यांनी मार्चअखेरची घाई करू नये. चांगला माल आधी वाशीच्या बाजाराकडे निघतो, त्यामुळे रत्नागिरीत पेटी स्वस्त मिळेल हा समज मला तरी दोनदा महागात पडला आहे. इथे मी गिरगावकरांच्या बाजूची आहे, कारण रेल्वेच्या डब्यात दोन पेट्या, कोकमाचे आगळ आणि फणसपोळी सांभाळत आल्यावर मी मोटारीची शपथ घेतली होती.

माहीमचा प्रवासी :

पेट्यांपुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे कबूल. पण पेटी एसटीच्या पार्सलनेही येते, त्यासाठी मोटारच हवी असे नाही.

गिरगावकर :

पार्सल घ्यायला पुन्हा मुंबई सेंट्रलच्या आगारात मीच जायचे ना? असो. डिसेंबरात आम्ही मोटारीनेच जाणार आहोत. मात्र या वेळी मुक्काम गणपतीपुळ्याऐवजी शहरात ठेवला आहे, आणि दुसऱ्या दिवशी मोटार लॉजच्या आवारातच उभी राहील. आईला पतितपावन मंदिर पाहायचे आहे. तिथे पायऱ्या किती आहेत, ते रत्नागिरीकरांनी कृपया सांगावे.