जुन्या नॅरोगेज स्टेशनच्या इमारतीचं काय करता येईल?

वऱ्हाडी_मुसाफिर:
नमस्कार मंडळी. आमचं गाव शकुंतला रेल्वेच्या लायनीवरचं, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, अडीच फुटी रूळ, १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालायची. गाडी बंद पडली आणि स्टेशन तसंच राहिलं. दगडी भिंती, वर कौलं, तिकीट खिडकीची फळी पैसे सरकवून सरकवून मधे खोलगट झालेली, ती अजून शाबूत. वेटिंग रूममधे आता एका काकांनी कुटार (गुरांसाठीचा भुसा) भरलंय. पोरं म्हणतात वाचनालय करू, कोणी म्युझियम म्हणतंय, एकजण तर पाडून गाळे काढा म्हणतो. मागच्या वर्षी वर्गणी काढून एका भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तो एका पावसाळ्यात फुगला नि आता खालच्या दगडाचा पण भुगा पडतोय. असं काम कुठे नीट झालेलं माहितीये का कोणाला?

सेनकाठची:
मी पॅरिसला राहते, इथलं ओर्से म्युझियम म्हणजे जुनं स्टेशनच. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी व्हिक्तोर लालू नावाच्या आर्किटेक्टने बांधलं, गाड्या विजेवरच्या असल्याने आत धूर नाही, म्हणून एवढी नक्षी करून वर काचेचं छत घालता आलं. पण १९३९ पर्यंत गाड्या लांब झाल्या, प्लॅटफॉर्म पुरेनात, लांब पल्ल्याच्या गाड्या बंद. म्युझियम उघडलं १९८६ ला! मधली वर्षं सगळे विसरतात, मला तीच महत्त्वाची वाटतात. युद्धात तिथे टपालाची पार्सलं होती, १९४५ ला सुटून आलेले युद्धकैदी तिथे उतरले, पुढे एका नाटक कंपनीने आत तंबू ठोकला, लिलाववाले पण येऊन गेले. सत्तरच्या सुमारास पाडून हॉटेल बांधायचं जवळपास ठरलंच होतं, तेवढ्यात १९७१ ला पॅरिसमधलंच ले आल्चं जुनं मार्केट पाडलं गेलं आणि लोक असे भडकले की हे वाचलं. तोपर्यंत ते उभं होतं कारण आत कोणीतरी काहीतरी करत होतं. (खालून लोकल अजून धावते, चित्रं बघताना कधीकधी पायाला कळतं.)

चुनाखडी:
आधी ते सिमेंट काढा हो! चुन्यात बांधलेल्या भिंतीत जमिनीतून ओल चढणारच, चुना तिला बाहेर सोडतो, सिमेंट कोंडतं, मग ओलीबरोबर आलेला खार दगडातच साचून त्याचे खडे होतात आणि दगड आतून सोलला जातो, आपण लोणा लागला म्हणतो तेच हे. छिन्नीने हलक्या हाताने काढा, ब्रेकर लावू नका, एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी वाळू द्या, मग चुना-वीटकूट कालवून दगडांमधल्या दरजा भरा. पण त्याच्याही आधी कौलं आणि पागोळीचं पाणी. वर गळतंय तोवर खाली केलेलं सगळं वाया. भायखळा स्टेशन बघून या, १८५७ ची इमारत, दगडावरचे रंगाचे थरच्या थर उतरवले, २०२२ मधे युनेस्कोचं अवॉर्ड मिळालं. आणि तिथे म्युझियम वगैरे काही नाही केलं, लोक आजही लोकल पकडायलाच जातात.

रुळावरचा_दगड:
चुना-बिना ठीक आहे पण जागा कोणाच्या नावावर आहे ते बघितलं का? शकुंतलेची लाईन मुळात खाजगी कंपनीची, सरकार चालवायचं आणि कंपनीला पैसे द्यायचं, त्यामुळे कागद गुंतागुंतीचे असणार. लेखी परवानगीशिवाय वर्गणी काढलीत तर उद्या कुलूप लागेल आणि हिशोब मागायला गावच येईल तुमच्या दारात. आणि म्युझियमचं खूळ डोक्यातून काढा, दोन कंदील नि एक हिरवा झेंडा ठेवून महिनाभरात धूळ बसते.

वऱ्हाडी_मुसाफिर:
सगळ्यांचे आभार. कागदांसाठी अर्ज टाकतोय. सेनकाठची ताई, तुमचं वाचून काल त्या कुटारवाल्या काकांकडे गेलो, खरंतर खोली रिकामी करा म्हणून सांगायलाच निघालो होतो. तर कळलं की कुटार भिजू नये म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी ते स्वतः वर चढून फुटकी कौलं बदलतात. वेटिंग रूमचं छत एका ठिकाणीही गळत नाही. शेजारची स्टेशन मास्तरची खोली रिकामी, कुलूपबंद, तिचं आढंच खाली आलंय. काकांना सध्या काही बोललो नाही, चुन्यासाठी माणूस कुठे मिळेल तेवढं सांगा.

चुनाखडी:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. येताना सिमेंट काढलेल्या भिंतीचे फोटो घेऊन या, आणि काकांना पण आणा.