स्पिरिट आणि नाणं, दोन्ही नको
रेकॉर्ड वाजवताना सुई अडकते तिथे स्पिरिटने पुसा आणि आर्मवर (सुई धरणाऱ्या दांडीवर) नाणं ठेवा, असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय. कृपया तसं करू नका. आपल्या सांगलीकडे नाट्यपदांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या अजून जपलेल्या सापडतात. त्या लाखेच्या! स्पिरिटने लाख विरघळते, मग ते गाणं कायमचं गेलं. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड पुरे, लेबल कोरडं ठेवा. नाण्याच्या वजनाने खाचा झिजतात.

एलपी (नंतरची, व्हिनाइल प्लास्टिकची रेकॉर्ड) असेल तर आधी भिंगातून बघा. २०१९ च्या पुराचा गाळ खाचेत वाळून बसला असेल तर बारीक कण दिसतो. तो भिजू द्या, मग मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच गोल फिरवा. आडवं घासलंत की नवा ओरखडा. कण नसेल तर सुईचं वजन आणि अँटी-स्केटिंग (आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून असलेली सेटिंग) तपासा.