डॅक्स शिकतोय : टोटलची ओळ बेरीज का करत नाही?

फक्त_एक्सेलवाला

ऑफिसात एमआयएस रिपोर्ट माझ्याकडे असतात. व्हीलूकअप, सम-इफ्स, पिव्होट यांवर हात बसलेला आहे. त्यामुळे पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) आलं तेव्हा वाटलं, त्यातली फॉर्म्युल्यांची भाषा डॅक्स म्हणजे एक्सेलचीच धाकटी बहीण. सम, इफ, अ‍ॅव्हरेज ही नावंही ओळखीचीच. पण पहिल्याच रिपोर्टला घोडं अडलं.

दर महिन्याला किती वेगवेगळ्या ग्राहकांनी खरेदी केली ते डिस्टिंक्टकाउंटने काढलं. स्लायसरवर, म्हणजे रिपोर्टातल्या गाळणीच्या बटणांवर, पहिली तिमाही. जानेवारी ४०, फेब्रुवारी ३५, मार्च ५०. आणि टोटल ८२! साहेबांनी कॅल्क्युलेटर काढून १२५ करून दाखवले. फॉर्म्युल्यात काय बिघडलंय? दुसरं म्हणजे, हे शिकायचं कसं? फंक्शनच्या यादीत अडीचशेच्या वर नावं आहेत. रोज पाच-दहा पाठ करू का?

स्तंभलेखक

पाठ अजिबात करू नका. आणि काही बिघडलेलं नाही, ८२ बरोबर आहे.

टोटलची ओळ वरच्या ओळींची बेरीज करतच नाही, तिला वरच्या ओळी दिसतही नाहीत. जानेवारीच्या ओळीत तुमचं मेजर (रिपोर्टात दर चौकटीपुरतं उत्तर काढणारा फॉर्म्युला) चालतं तेव्हा आधी टेबल जानेवारीपुरतं गाळलं जातं आणि मग उरलेल्या नोंदींतले ग्राहक मोजले जातात. टोटलच्या ओळीला महिन्याचा फिल्टर नाही, फक्त स्लायसरचा आहे, म्हणून तिथे पूर्ण तिमाहीचे ग्राहक मोजले जातात. तिन्ही महिन्यांत आलेला माणूस वर तीनदा दिसतो, खाली एकदाच. याला फिल्टर कॉन्टेक्स्ट म्हणतात. एक्सेलमध्ये सेलला पत्ता असतो, बी-सात म्हणजे बी-सात. डॅक्सला सेल ठाऊकच नाही. त्याला कॉलम कळतो आणि त्या कॉलमवर आत्ता कोणते फिल्टर लागलेत ते कळतं. म्हणून एकच मेजर दर चौकटीत वेगळं उत्तर देतं.

हेच उद्या मार्जिनच्या टक्क्यांत होईल, आधीच सांगून ठेवतो. एका मालाची विक्री १,००० आणि नफा ३००, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्याची विक्री ९,००० आणि नफा ९००, म्हणजे १० टक्के. एक्सेलची सवय असलेला माणूस टक्क्यांचा कॅल्क्युलेटेड कॉलम (टेबलाच्या दर ओळीला आधीच काढून ठेवलेला आकडा) करतो, रिपोर्टात त्याची सरासरी घेतो आणि २० टक्के सांगून मोकळा होतो. खरं उत्तर १२ टक्के, कारण १०,००० वर १,२०० सुटले. टक्केवारी नेहमी मेजरमध्येच काढा : डिव्हाइड, आत नफ्याची बेरीज आणि विक्रीची बेरीज. साध्या भागाकाराच्या चिन्हापेक्षा डिव्हाइड बरं, विक्री शून्य असली तर ते रिकामी जागा देतं.

साहेबांना १२५च हवे असतील तर समएक्स वापरा, ते एकेक ओळ घेऊन उत्तरांची बेरीज करतं. पहिल्या जागी व्हॅल्यूजमध्ये (ते कॉलममधली वेगवेगळी मूल्यं देतं) वर्ष-महिन्याचा कॉलम, दुसऱ्या जागी ग्राहकांचं मेजर. नुसतं महिन्याचं नाव घेऊ नका, दोन वर्षांचा डेटा आला की दोन्ही जानेवारी एका गठ्ठ्यात जातील. पण मी तुमच्या जागी असतो तर ८२ वरच अडून बसलो असतो. १२५ ग्राहक तुमच्याकडे आलेलेच नाहीत!

शिकण्यासाठी सम, डिव्हाइड, कॅल्क्युलेट, ऑल, समएक्स, व्हॅल्यूज आणि व्हार एवढी शिदोरी बराच काळ पुरते. दहा-बारा ओळींचं टेबल स्वतः टाइप करा, उत्तर आधी कागदावर मांडा आणि मगच मेजर व्हिज्युअलमध्ये ओढा. लाखभर ओळींच्या डेटावर शिकायला गेलात तर आकडा चुकला तरी कळणार नाही.

ताऱ्यांकित

वरच्याला +१. फक्त एक भर : बहुतेकांचं अडतं ते डॅक्समुळे नाही, मॉडेलमुळे, म्हणजे टेबलांच्या मांडणीमुळे. एक्सेलमधून आणलेलं साठ कॉलमचं एकच लांबलचक टेबल असेल तर साधा फॉर्म्युलाही हातभर होतो. मधे विक्रीचं टेबल आणि भोवती ग्राहक, माल, तारीख अशी टेबलं, म्हणजे स्टार स्कीमा, आधी करून घ्या.

तारखांचं टेबल वेगळंच हवं. विक्रीतल्या तारखांवर काम भागवू नका, सुट्टीचे दिवस त्यात नसतातच. वर्षाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत दर तारखेला एक ओळ, मधे खंड नाही, आणि त्या टेबलाला डेट टेबल म्हणून मार्क करा. मग गेल्या वर्षीचा तोच काळ देणारं सेम-पीरियड-लास्ट-इयर नीट वागतं. आर्थिक वर्ष डिसेंबरला संपत नसेल तर टोटल-वायटीडीला (वर्षाच्या सुरुवातीपासूनचा आकडा देणारं फंक्शन) शेवटी वर्षअखेरीची तारीख देता येते.

फक्त_एक्सेलवाला

दोघांचेही आभार. साहेबांना ८२ पटले, तरी शेजारच्या कॉलमात १२५ हवेतच म्हणाले. समएक्स लिहिलं. महिन्यांच्या ओळींत ४०, ३५, ५० अगदी बरोबर, आणि टोटल आली २४६! हे कुठून आलं?

स्तंभलेखक

२४६ म्हणजे ८२ गुणिले ३. तुम्ही समएक्सच्या आत मेजरचं नाव न घालता डिस्टिंक्टकाउंट थेट लिहिलंय, बघा तपासून.

समएक्स एकेक महिना हातात घेतं, त्याला रो कॉन्टेक्स्ट म्हणतात. पण हातात ओळ असणं वेगळं आणि फिल्टर लागणं वेगळं. थेट लिहिलेल्या डिस्टिंक्टकाउंटला हातातल्या महिन्याशी काही देणंघेणं नाही. त्याने तिन्ही वेळा पूर्ण तिमाही मोजली आणि तीनदा ८२ दिले. तेच कॅल्क्युलेटमध्ये (फिल्टर बदलून हिशेब करणारं फंक्शन) गुंडाळलं की हातातल्या ओळीचा फिल्टर होतो, याला कॉन्टेक्स्ट ट्रान्झिशन म्हणतात. मेजर नावाने बोलावलं की भोवती कॅल्क्युलेट न लिहिताही असतंच, म्हणून मी मेजर घाला म्हटलं होतं. महिन्यांच्या ओळी बरोबर आल्या कारण तिथे फिल्टर मॅट्रिक्सनेच (रिपोर्टातल्या तक्त्यानेच) लावला होता आणि हातात महिना एकच होता. म्हणूनच नवं मेजर लिहिलं की मी नजर आधी टोटलवर टाकतो.

दर्शिका

वाचनखूण साठवली. एक शंका : हल्ली एआय फॉर्म्युला लिहून देतो, मग एवढं डोकं कशाला शिणवायचं?

स्तंभलेखक

लिहून घ्या की, मीही घेतो. कंस मोजायचा त्रास वाचतो. पण १२५, ८२ आणि २४६ देणारे तिन्ही फॉर्म्युले एररशिवाय चालतात. साहेबांसमोर कोणता ठेवायचा ते कोण ठरवणार?

फक्त_एक्सेलवाला

मेजरचं नाव घातलं, १२५ आले. आता साहेबांना दर मालाचा एकूण विक्रीतला वाटा हवाय. कॅल्क्युलेटमध्ये ऑल घातलं, पण स्लायसरमध्ये चारच माल निवडले तर टक्क्यांची बेरीज शंभर होत नाही.

ताऱ्यांकित

ऑल स्लायसरचा फिल्टरही उडवून लावतं, त्यामुळे भागाकारात खाली सगळ्या मालाची विक्री येते. निवडलेल्या चारांतलाच वाटा हवा असेल तर ऑल-सिलेक्टेड घाला. साहेबांना दोनपैकी कोणता वाटा हवाय ते आधी विचारून घ्या, आणि कॉलमच्या मथळ्यात तसं लिहा.