बॉयलर 80 अंशांवर बांधून ठेवायचा की बाहेरच्या हवेप्रमाणे हलवायचा?

धागाकर्ता
मोठ्या इमारतींना हीटिंगचं गरम पाणी पुरवणारे बॉयलर चालवणाऱ्यांशी मला हा वाद घालायचाच आहे. बऱ्याच बॉयलर खोल्यांत कंट्रोलर 80 वर लावलेला असतो आणि वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावत नाही. बर्नर एक तर पूर्ण पेटलेला नाही तर पूर्ण बंद, ही ऑन-ऑफ पद्धतही मला पटत नाही. कडाक्याच्या थंडीत 80 लागतं, मान्य. पण अख्ख्या हंगामात असे दिवस किती? बाकीचे दिवस आपण उगाच तापवलेलं पाणी फिरवत असतो.

बाहेर उणे 10 असताना 80 आणि बाहेर 15 असताना 45, अशी रेघ आखून बघा. बाहेर 5 असेल त्या दिवशी 59 अंशांचं पाणी पुरतं. इमारतीची मागणी तेव्हा कमाल मागणीच्या 40 टक्क्यांवर असते असं धरू. कमाल मागणीला 80 ने जाऊन 60 ने परतणारी सिस्टीम असेल आणि पंपाचा वेग तोच असेल, तर 20 अंशांचा फरक 8 वर येतो. म्हणजे रिटर्न, परत येणारं पाणी, 51. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ साधारण 55 च्या खाली पाणी होऊ लागते, म्हणजे त्या वाफेतली उष्णताही वापरणारा कंडेन्सिंग बॉयलर आपलं खरं काम करू लागतो. तोच बॉयलर त्याच दिवशी 80 वर ठेवलात, तर रिटर्न 72. मग जास्तीचे पैसे देऊन कंडेन्सिंग बॉयलर घेतला कशाला?

जुना बर्नरवाला
आकडेमोड बरोबर आहे, पण ती कंडेन्सिंग बॉयलरची. ओतीव लोखंडाच्या किंवा साध्या पोलादी नळ्यांच्या बॉयलरला हेच केलंत तर धुरातून सुटणाऱ्या त्या पाण्याने गंजून तो मरेल. एका ठिकाणी आधीच्या माणसाने असाच सेटपॉइंट, म्हणजे पाण्याचं ठरवलेलं तापमान, खाली आणला होता. धुराड्याच्या बुडाशी तपकिरी पाण्याचा ओघळ दिसला म्हणून मी पुढचा दरवाजा उघडला. नळ्यांवरचे गंजाचे पापुद्रे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सुटून हातात आले. अशा बॉयलरचा रिटर्न 60 च्या वरच राहिला पाहिजे, यात तडजोड नाही.

आणि ऑन-ऑफला नावं ठेवू नका. एक थर्मोस्टॅट, एक कॉन्टॅक्ट. रात्री दोन वाजता बिघाड झाला तर मल्टिमीटर लावून दहा मिनिटांत सापडतो.

धागाकर्ता
गंजाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मूळ पोस्टमध्येच लिहायला हवा होता. पण त्यावर उपाय आहे. बॉयलर गरमच ठेवा आणि इमारतीकडे जाणाऱ्या पाण्यात तीन-मार्गी व्हॉल्व्हने थंड रिटर्न मिसळा; बॉयलरमध्ये शिरणाऱ्या रिटर्नमध्येही थोडं गरम पाणी मिसळून तो 60 च्या वर ठेवा. बाहेरच्या हवेप्रमाणे व्हॉल्व्ह हलेल, बॉयलर नाही.

ऑन-ऑफबद्दल मात्र माझं मत बदलत नाही. सौम्य हवेच्या दिवशी बर्नरसमोर घड्याळ घेऊन उभे राहा. मी राहिलो आहे: दीड मिनिट पेटला, तीन मिनिटं बंद, पुन्हा तेच. दर वेळी पेटण्याआधी पंखा भट्टीतून हवा ढकलून जुना वायू बाहेर काढतो. सुरक्षेसाठी ते हवंच, पण ती हवा आतली उष्णता घेऊन धुराड्यातून जाते. शिवाय इग्निशन, रिले, गॅस व्हॉल्व्ह झिजतात ते वेगळंच.

पॅनेलवाली
मागणीप्रमाणे ज्योत लहान-मोठी करणारा मॉड्युलेटिंग बर्नर लावला की हे आपोआप सुटेल, असं कुणी समजू नये. 500 किलोवॉटचा बॉयलर 5:1 पर्यंत, म्हणजे कमाल ज्योतीच्या पाचव्या भागापर्यंत, खाली येत असेल, तर त्याची सर्वात बारीक ज्योत 100 किलोवॉटची. इमारतीला 40 हवे असतील तर तोही बंद-चालूच होणार. उरलेले 60 किलोवॉट कुठे ठेवायचे, हा खरा प्रश्न आहे. बर्नर सलग दहा मिनिटं चालावा आणि पाण्याचं तापमान 10 अंशांच्या आतच वाढावं, असं वाटत असेल तर जवळपास 860 लिटर पाणी सिस्टीममध्ये हवं. पाइपांत तेवढं नसेल तर जास्तीचं गरम पाणी साठवणारी बफर टाकी लावा. कंट्रोलरच्या सेटिंगने ही उणीव भरून निघत नाही, कंट्रोलरचं गणित (पीआयडी) कितीही ट्यून करा.

जुना बर्नरवाला
हे पटलं. मी तर म्हणतो, एक मोठा घेण्याऐवजी दोन लहान घ्या. पहिला पूर्ण क्षमतेने चालल्याशिवाय दुसरा पेटवायचा नाही.

पॅनेलवाली
तुमच्या साध्या बॉयलरसाठी हाच क्रम योग्य, दुसरा विनाकारण तापत राहत नाही. कंडेन्सिंगसाठी नेमकं उलटं. 250 किलोवॉटचे दोन बॉयलर आणि मागणी 200 असेल, तर एक 80 टक्क्यांवर पळवण्यापेक्षा दोन्ही 40 टक्क्यांवर चालवा. तेवढ्याच उष्णतेला दुप्पट हीट एक्स्चेंजर (धुरातली उष्णता पाण्याला देणारा भाग) मिळतो आणि धूर थंड होऊन बाहेर पडतो. जुनी सवय नव्या यंत्रावर लादली तर गॅस वाया जातो.

रात्रपाळी
मी रोज हे चालवतो, म्हणून तीन गोष्टी सांगतो. आमच्याकडे बाहेरचा सेन्सर उन्हाच्या भिंतीवर बसवला होता. सकाळचं ऊन पडलं की कंट्रोलरला वाटायचं हवा उबदार आहे, पाणी थंड व्हायचं आणि लोक कुडकुडत फोन करायचे. सेन्सर सावलीच्या भिंतीवर हलवला आणि तक्रारी थांबल्या. दुसरं, त्याच बॉयलरवर नळाच्या गरम पाण्याची टाकी असेल तर लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून ती 60 वर ठेवावीच लागते. टाकीने मागणी केली की सेटपॉइंट तेवढ्यापुरता वर जाईल अशी सोय आधी करा, मग रेघ आखा. तिसरं, पाणी फार तापलं की बर्नर बंद करणारा हाय लिमिट आणि पाण्याची पातळी पाहणारा कटऑफ या सगळ्यापासून वेगळे, थेट वायरने, हाताने रीसेट करायचे. इमारतीच्या संगणकातून ते फिरवू नका.

जुना बर्नरवाला
शेवटच्या मुद्द्यावर हात जोडतो. मिक्सिंग व्हॉल्व्ह मी लावून बघेन. पण माझ्या बॉयलरचा थर्मोस्टॅट 80 वरच राहील.

धागाकर्ता
राहू द्या. फक्त आज बर्नरच्या स्टार्टचा काउंटर लिहून ठेवा आणि व्हॉल्व्ह लावल्यावर सारख्याच हवेच्या आठवड्याचा आकडा इथे टाका. तो कमी झाला नाही, तर बहुधा तुमच्याकडे पाणी कमी आहे. मग 860 लिटरवाल्या पोस्टकडे परत या.