मदत हवी आहे: एका वर्डप्रेस मल्टिसाइटवर अकरा ग्राहक, त्यांच्या डोमेनवर लॉगिन होत नाही

घोडबंदरकर:
ठाणे-नवी मुंबईतल्या अकरा ग्राहकांच्या साइट एकाच मल्टिसाइटवर (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट), सबडोमेन पद्धतीने (माझ्या मुख्य डोमेनच्या आधी प्रत्येकाचं नाव) आहेत: नौपाड्यातले क्लासेस, दोन दवाखाने, वाशी मार्केटातले मसाल्याचे व्यापारी वगैरे. सर्व्हर ४ जीबी रॅमचा, एनजिनएक्स या वेबसर्व्हर सॉफ्टवेअरवर. नेटवर्क अ‍ॅडमिनमध्ये साइटचा पत्ता बदलून ग्राहकाचं डोमेन टाकलं. साइट दिसते, पण लॉगिनला 'कुकीज ब्लॉक आहेत' अशी एरर येते. मॅपिंगचं (ग्राहकाचं डोमेन साइटला जोडण्याचं) प्लगइन घालू का? शिवाय मसालेवाल्यांना (साइट क्रमांक ७) ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या आहेत. वूकॉमर्स (वर्डप्रेसचं ऑनलाइन दुकानाचं प्लगइन) इथेच चालेल का?

पामबीच_नेरुळ:
प्लगइन नको. मॅपिंग ४.५ आवृत्तीपासून (२०१६) वर्डप्रेसमध्येच आहे. कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद) मुख्य डोमेनच्या नावाने निघते आणि दुसऱ्या डोमेनवर ब्राउझर ती नाकारतो. कॉन्फिग फाइलमध्ये 'संपादन थांबवा' या ओळीच्या वर कुकी डोमेनची (COOKIE_DOMAIN) किंमत सर्व्हरच्या एचटीटीपी होस्टवर ($_SERVER['HTTP_HOST'], म्हणजे ब्राउझरने मागितलेलं डोमेन) ठेवा, आधीची तशी ओळ असेल तर काढा, मग ब्राउझरच्या जुन्या कुकीज पुसा. एनजिनएक्समध्ये मात्र ठरलेलीच डोमेन लिहा, अनोळखी होस्ट आत येऊ देऊ नका.

एसएसएल (https साठी लागणारं सर्टिफिकेट) प्रत्येक ग्राहकाचं वेगळं काढा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेच्या एका सर्टिफिकेटमध्ये १०० नावं बसतात, म्हणून सगळी एकत्र कोंबण्याचा मोह होतो. पण एका ग्राहकाने डोमेनचे पैसे भरले नाहीत की साधारणपणे अख्खं नूतनीकरण अडतं.

तुर्भे_सर्व्हर:
ऑर्डर घेणारी साइट वेगळीच हवी, यात तडजोड करू नका. युजर टेबल सगळ्या नेटवर्कचं एकच असतं. दवाखान्याच्या साइटवर ज्याचा ईमेल नोंदलाय, त्याला मसाल्याच्या दुकानात खातं उघडताना 'आधीच नोंदणी आहे' असं दिसेल. आणि एका साइटसाठी पूर्ण बॅकअप परत टाकलात तर बाकीच्या दहा जणांचं कामही मागे जाईल. रोज साइटवार डंप (डेटाबेसची प्रत) घ्या.

साइट ७ वेगळ्या वर्डप्रेसवर नेताना तिची दहा मूळ टेबलं (नावात ७ असलेली), प्लगइनची टेबलं आणि अपलोड्समधलं साइट्स/७ हे फोल्डर न्या. नव्या जागी टेबलांच्या नावातला ७ काढा. इथेच बहुतेक जण फसतात: ऑप्शन्स टेबलातल्या 'युजर रोल्स' नोंदीच्या आणि युजरमेटा टेबलातल्या 'कॅपेबिलिटीज' (युजरचे त्या साइटवरचे अधिकार) नोंदीच्या नावातही तोच ७ असतो. तो राहिला तर लॉगिन होतं, पण डॅशबोर्ड 'परवानगी नाही' म्हणतो.

डेटाबेसमधले साइटचे जुने पत्ते बदलायला डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेसचं कमांड-लाइन साधन) सर्च-रिप्लेस वापरा. थेट एसक्यूएलने बदललं तर सीरियलाइझ केलेल्या (लांबीसकट एका ओळीत साठवलेल्या) मजकुराची नोंदलेली लांबी चुकते आणि विजेट, थीमची सेटिंग्ज उडतात.

घोडबंदरकर:
युजर कसे न्यायचे? पूर्ण टेबल उचललं तर बाकीच्या ग्राहकांचे ईमेलही जातील.

तुर्भे_सर्व्हर:
बरोबर, पूर्ण टेबल देऊच नका. साइट ७ ची कॅपेबिलिटीज नोंद ज्यांच्याकडे आहे तेवढेच युजर त्यांच्या मूळ आयडीसकट न्या. आयडी बदलले तर लेखांचे लेखक बदलतात.