मदत हवी आहे: स्क्रू नक्की कुठल्या बाजूला फिरवायचा? आणि उलटे आटे कुठे कुठे असतात?

नमस्कार मंडळी, उजवीकडे घट्ट आणि डावीकडे सैल हे सगळेच सांगतात, पण टेबलाखाली आडवं पडून वरचा नट फिरवायचा असला की उजवी बाजू कुठली तेच कळेनासं होतं, आणि पान्याचं एक टोक उजवीकडे गेलं की दुसरं डावीकडे जातंच ना. कुठल्याही कोनातून चालेल अशी काही खूण आहे का? शिवाय आत्ता टेबल फॅन धुवायला घेतलाय, पात्यापुढची प्लास्टिकची टोपी डावीकडे फिरवली तर अजूनच आवळतेय, आटे जातील म्हणून थांबलोय. प्लीज सांगा.

प्रतिसाद १: उजव्या हाताचा अंगठा वापरा. स्क्रू ज्या दिशेला सरकायला हवा तिकडे अंगठा करा, बोटं वळतात तसं फिरवा. आत घालायचा तर अंगठा आत, काढायचा तर तुमच्याकडे. टेबलाखाली असा की कपाटामागे, काही फरक पडत नाही. उलट्या आट्यांना हेच डाव्या हाताने.

प्रतिसाद २: टोपीला उलटेच आटे असतात, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवा म्हणजे सुटेल. पातं समोरून बघितलं तर काट्याप्रमाणेच फिरतं, पंखा चालू होताना टोपी जरा मागे राहते आणि त्या झटक्याने आपोआप आवळली जाते, सरळ आटे असते तर हळूहळू ढिली होऊन निघून आली असती.

सायकलचं डावं पेडल पण उलटं. तिथे गंमत म्हणजे बेअरिंगच्या घर्षणाने पेडल सुटायलाच बघतं, पण पायाचा भार क्रँकच्या भोकात गोल फिरत राहतो आणि त्याने आस किंचित उलट्या दिशेला सरकत आवळत जातो, हा दुसरा परिणाम जास्त जोरदार. लक्षात ठेवायला सोपं: पाना वर उभा धरून टोक मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पेडलं सुटतात.

प्रतिसाद ३: बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट, आणि वेल्डिंगच्या अ‍ॅसिटिलीनचे जोड पण उलटे, म्हणजे ऑक्सिजनची नळी चुकून तिथे बसूच नये. त्या नटांच्या कडांवर खाचा असतात, त्या बघा. सुटा बोल्ट असेल तर उभा धरा, समोरचे आटे उजवीकडे चढत गेले तर सरळ, डावीकडे चढले तर उलटे.

धागाकर्ता: निघाली टोपी! खूप आभार. आता मागची जाळी धरणारी रिंग पण उलटीच का?

प्रतिसाद २: नाही, ती फिरत नाही ना, तिला साधेच आटे. डावीकडे फिरवा.